एक हात उंच

वानहुआ, ताइपेई
२० सप्टेंबर १९९७

चि. आ-ख्वान यास तुझ्या आजीचे पुष्कळ आशीर्वाद.

आधी अक्षर बघ. बघितलंस? हे माझं आहे. खालच्या मजल्यावरच्या लो वहिनीच्या नातीचं नाही, पोस्टातल्या बाईचंही नाही. शाळेत आम्हा म्हाताऱ्यांचा संध्याकाळचा वर्ग भरतो, तिथे मी फेब्रुवारीपासून जाते. अडुसष्टाव्या वर्षी पहिलीत! बाकाखाली पाय मावत नाहीत. आमच्या फांग बाई म्हणाल्या, प्रत्येकीने एकेक खरं पत्र लिहायचं, घरचा अभ्यास म्हणून. कुणी मुलीला लिहिलं, कुणी मेलेल्या नवऱ्याला लिहिलं. मी म्हटलं, माझा नातू योकोहामात मोठ्या हॉटेलात आचारी आहे, मी त्यालाच लिहिणार. फोनवर तू नुसता "हं, हं" करतोस आणि पैसे संपतात. पत्रात तुला हं म्हणता येणार नाही.

चंद्राचा सण परवाच झाला. पपनस आणलं होतं. तू लहानपणी त्याची साल टोपीसारखी डोक्यावर घालून गच्चीभर पळायचास. यंदा मी ती साल पाण्याच्या टाकीवर ठेवली. टाकीला शोभली नाही.

आता मुद्द्याचं. बाई म्हणतात, मुद्दा आधी लिहावा. पण मुद्दा आधी लिहिला तर पुढे काय लिहायचं?

तुला आठवतं, तू गेलास त्या दिवशी काय म्हणालास? मला आठवतं. गच्चीवरच्या खोलीतून पिशवी घेऊन निघालास, तुळई खाडकन कपाळाला लागली आणि तू ओरडलास, "या घरात माणसाला सरळ उभंसुद्धा राहता येत नाही!" मी जिन्यात उभी होते. हातात उकडलेली अंडी होती, वाटेत खायला. ती मी तुला दिली आणि तू पिशवीत टाकलीस. तीन वर्षं झाली. पत्र्याखाली झोपून वाढलेला मुलगा, पण वाढला तो पत्र्यापेक्षा जास्त, त्यात चूक कुणाची? तुझ्या आ-कोंगने, माझ्या नवऱ्याने, ती खोली बांधली तेव्हा घरात कुणीच उंच नव्हतं. तो स्वतः माझ्या कानाएवढा. आपल्या मापाने बांधली बिचाऱ्याने. तुझा बाप तिथेच वाढला, तो गेल्यावर तू वाढलास.

तर ऐक. मी छत उचललं!

को मिस्त्री आला होता, तोच, ज्याचा एक दात सोन्याचा आहे. त्याला म्हटलं, पत्रा तसाही गंजलाय, वादळात उडेल, नवा घाल. आणि घालतोच आहेस तर एक हात वर घाल. तो म्हणाला, "आ-मा, एक हात म्हणजे तुझा की माझा?" मी म्हटलं, "तुझा रे, माझा कशाला, मी काय गोगलगाय आहे?" त्याआधी मी देव्हाऱ्यासमोर बसून तुझ्या आजोबाला रीतसर विचारलं होतं. लाकडी चंद्रकोरी टाकून कौल लावला. दोन वेळा दोन्ही उताण्या पडल्या, म्हणजे तो हसला. तिसऱ्यांदा एक उताणी एक पालथी, म्हणजे हो. हसला तो आनंदानेच हसला असणार.

आता तू आत आलास की ताठ उभा राहशील. डोक्यावर वीतभर जागा उरेल, उडी मारलीस तरी लागणार नाही. (उडी मारू नकोस. खाली लो वहिनी झाडू घेऊन येते.)

नववर्षाला ये. जानेवारीच्या अठ्ठावीस तारखेला आहे. मुळ्याचा केक करीन, खालून खरपूस, तुला आवडतो तसा. हा कागद संपला. बाईंनी एकच दिला आहे.

तुझी आ-मा

•

योकोहामा
११ ऑक्टोबर १९९७

प्रिय आ-मा,

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, खोटं नाही सांगत.

मी मजेत आहे. हॉटेल मोठं आहे, काम भरपूर. राहायची खोली छान आहे, खिडकीतून बंदर दिसतं. जेवण इथलंच. काळजी करू नकोस.

एवढा खटाटोप कशाला केलास? पत्रा बदलायला तू शिडीवर नव्हतीस ना चढलीस? तू चढली असणार. पुन्हा चढू नकोस.

एक विचारतो. आपली खोली बेकायदा असली तरी जुनी आहे, म्हणून ठेवली आहे ना? दोन-तीन वर्षांपूर्वी पालिकेच्या लोकांनी येऊन फोटो काढला, असं तू फोनवर म्हणाली होतीस, आठवतं? छत उचललं हे कचेरीला चालतं का? कुणाला विचारलंस का? मला फारसं कळत नाही त्यातलं, पण विचारून घे.

नववर्षाचं बघतो. रजा मागतो.

लो मामींना नमस्कार.

आ-ख्वान

•

वानहुआ
३० ऑक्टोबर १९९७

चि. आ-ख्वान,

तू किती हुशार रे! मला सुचलंच नव्हतं. विचारून घे म्हणालास, मी विचारण्याच्याही पुढे गेले.

तुला ठाऊक आहे ना, आपल्या गल्लीत सगळ्यांच्या डोक्यावर पत्र्याच्या खोल्या. कुणाचीही परवानगी नाही. पण एका ठरावीक तारखेच्या आधीच्या ज्या, त्यांचा फोटो काढून कचेरीत लावला, नंबर दिला, आणि सांगितलं, राहू द्या, सध्या पाडत नाही. तेव्हापासून गल्लीत जो तो म्हणतो, "आमचा फोटो निघालाय." म्हणजे घोर नाही. ज्यांचा फोटो नाही त्यांनी रात्रंदिवस देवाचं नाव घ्यावं.

आता आपला फोटो निघाला त्या दिवशी मी चादरी वाळत घातल्या होत्या. त्या फोटोत खोली कमी आणि माझी गुलाबांची चादर जास्त. मला आधीपासून ते खुपत होतं. एवढ्या कष्टाची खोली आणि सरकारच्या दप्तरात चादर!

परवा समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक चष्मेवाला तरुण साहेब गळ्यात कॅमेरा अडकवून फिरत होता. मी इकडून हाक मारली, "अहो साहेब! अहो फोटोवाले! इकडे या, आमचाही काढा, आमचं नवं केलंय!" त्याला ऐकू येईना. मग मी ताटलीवर चमचा वाजवला. लो वहिनी खालून ओरडली, "वेड लागलंय का तुला, गप बस!" तिला लोकांचं चांगलं बघवत नाही.

तर तो आला, पाच मजले चढून. धापा टाकत होता, त्याला आल्याचा चहा दिला. नाव येन. तुझ्यापेक्षा थोडा मोठा असेल. मी सगळं दाखवलं, को मिस्त्रीने सांधे कसे बसवले, तुळई कुठे होती आणि आता कुठे आहे. म्हटलं, "एक पूर्ण हात वर घेतलं, माझा नातू उंच आहे." तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "आ-मा, हे तुम्ही मला का सांगता?" मी म्हटलं, "का म्हणजे? लिहून घ्या ना." त्याने लिहून घेतलं. फोटो काढले चार. मी एकात आहे, केस विंचरून.

म्हणजे आता पक्कं झालं. तू नववर्षाला ये, बिनघोर.

वर्गात मला मागच्या पत्राबद्दल लाल गोल मिळाला. बाईंनी एकच चूक काढली. मुद्दा फार खाली आहे म्हणाल्या.

तुझी आ-मा

•

योकोहामा
१८ नोव्हेंबर १९९७

प्रिय आ-मा,

फोटो निघाला हे वाचून बरं वाटलं. तुझा केस विंचरलेला फोटो सरकारकडे आणि माझ्याकडे नाही, हे बरोबर नव्हे.

रजेचं सांगतो. मिळाली नाही. नववर्षाला इथल्या आपल्या लोकांच्या गल्लीत फार गर्दी असते, तेव्हाच मालक कुणाला सोडत नाही. मी मागितली होती, खरंच. रागावू नकोस. पुढच्या वर्षी नक्की.

मुळ्याचा केक लो मामींना दे माझ्या वाटचा.

आ-ख्वान

•

वानहुआ
२ डिसेंबर १९९७

चि. आ-ख्वान,

मी रागावले नाही. काम आहे ते आहे. माझी तब्येत छान. इकडे पाऊस लागून राहिला आहे.

लो वहिनीला केक मिळणार नाही. तिच्याशी मी बोलत नाही. कारण विचारू नकोस. माणसं चौथ्या मजल्यावर राहतात पण त्यांची जीभ कुठे कुठे जाऊन येते.

तुला एक सहज विचारायचं होतं. आ-कोंगने तुझा तो एक फोटो काढला होता, तू पंधरा वर्षांचा, गच्चीवरच्या दारात, तो तुझ्याजवळ आहे का? जातेवेळी तू भिंतीवरून काढून नेलास असं मला वाटतं. भिंतीवर त्याचा चौकोन अजून आहे. आणि त्यावेळी तुझी उंची नेमकी किती होती? सहज विचारलं. बाईंनी निबंध दिला आहे, "माझा नातू".

लवकर कळव. निबंध महिनाअखेरीपर्यंत द्यायचा आहे.

खोली छान आहे. छत उंच आहे. मी दुपारी जाऊन तिथे उभी राहते. माझ्या डोक्यावर इतकी जागा उरते की वाटतं, कुणीतरी यायचं राहिलं आहे.

तुझी आ-मा

•

वानहुआ, चौथा मजला
६ डिसेंबर १९९७

आ-ख्वान,

मी लो मामी. तुझा पत्ता पोस्टातल्या मुलीकडून घेतला. तुझ्या आजीला सांगू नकोस. तशीही ती माझ्याशी बोलत नाही, जिन्यात समोर आले तर भिंतीकडे तोंड करते. आणि जिना केवढा, तुला माहीत आहे.

तिने तुला काही कळवलं नसणार, म्हणून लिहिते. खोली पाडायची नोटीस आली आहे. दारावर चिकटवून गेले. नियम असा आहे की जुनी खोली दुरुस्त करा, पत्रा बदला, रंग द्या, कुणी विचारणार नाही. पण उंची वाढवली की ती जुनी राहत नाही, नवी होते, आणि नवी म्हणजे हातोडा. गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. तुझ्या आजीला वाटलं, फोटो निघाला म्हणजे झालं. स्वतः ताटली वाजवून साहेबाला बोलावलं! मी खालून घसा फुटेस्तोवर ओरडले. आता म्हणते तक्रार मी केली. तिच्या कुंड्यांचं पाणी माझ्या कपड्यांवर वीस वर्षं गळतंय, तक्रार करायची तर तेव्हाच नसती केली?

तो येन वाईट नाही. त्याने मार्ग सांगितला. छत होतं तेवढंच खाली आणा आणि आधी किती होतं याचा पुरावा द्या, म्हणजे जुन्या नंबरावर राहील. पण कचेरीच्या फोटोत हिची चादर. को मिस्त्रीने मोजलं नव्हतं. म्हणून ती तुझा फोटो शोधते आहे. मुदत एकतीस डिसेंबर.

मी पाहिलंय, ती छत खाली आणायला तयार नाही. मला ऐकू येतं वरचं सगळं. को मिस्त्रीला म्हणाली, "खाली आणलं तर तो येईल कशाला?" मिस्त्रीने हत्यारं पिशवीत टाकल्याचा आवाज आला. मग मीही माझी खिडकी लावून घेतली.

काय करायचं ते कर. पण लवकर.

लो मामी

•

योकोहामा
१४ डिसेंबर १९९७

प्रिय आ-मा,

सोबत फोटो आहे. पुठ्ठ्यात घातलाय, वाकवू नकोस. मागे आ-कोंगचं अक्षर आहे, तुला आता वाचता येईल. तरी लिहितो: "आज आ-ख्वानचं डोकं तुळईला टेकलं. शाळेत मोजलं, एकशे अठ्ठ्याहत्तर सेंटीमीटर. ३ मे १९९०." कोपऱ्यात त्याचा अंगठा आला आहे. फोटोत माझे केस तुळईला लागलेत आणि टाचा जमिनीवर आहेत, ते येन साहेबांना नीट दाखव. माझ्या शाळेत उंचीची वही असेल, तिथूनही उतारा मिळेल.

मला सगळं कळलं आहे. कसं कळलं ते विचारू नकोस. लो मामींनी तक्रार केलेली नाही. कचेरीला विचार असं मीच तुला लिहिलं होतं, म्हणजे खरं तर मीच ताटली वाजवली.

आता नीट ऐक. छत खाली आण. त्या दिवशी मी जे ओरडलो ते छताला नव्हतं. सकाळी परीक्षेचा निकाल लागला होता, दुसऱ्यांदा नापास. तुला सांगितलं नव्हतं. तुझ्याकडे बघायची लाज वाटत होती म्हणून तुळईवर खापर फोडलं. तुळई नसती तर दुसरं काहीतरी सापडलं असतं. त्या अंड्यांचं मी काय केलं सांगू? बोटीत बसल्यावर एकेक सोलून खाल्लं आणि रडलो.

आणखी एक. मी आचारी नाही. भांडी घासतो, गेल्या महिन्यापासून भाज्या चिरायला देतात. हॉटेल नाही, खानावळ आहे, बारा टेबलांची. राहतो ती खोली खानावळीच्या माळ्यावर आहे. तिथे उभं राहता येत नाही. बसताही येत नाही, आ-मा. रांगत जायचं आणि निजायचं. खिडकी आहे, पण तिच्यातून समोरचं धुराडं दिसतं. रोज निजताना मला आपली खोली आठवते. तिच्यात निदान मान खाली घातली की उभं राहता यायचं. पावसात पत्रा वाजायचा तो आवाज इथे नाही. इथे कौलं आहेत, ती गप्प असतात.

नववर्षाला सोडत नाहीत हे खरं आहे. पण एप्रिलमध्ये पूर्वजांच्या कबरी झाडायच्या सणाला येतो. मालकाला सांगून टाकलं आहे. विचारलं नाही, सांगितलं. आ-कोंगच्या कबरीवरचं गवत मी काढीन, तू काढू नकोस.

आ-ख्वान

•

वानहुआ
४ जानेवारी १९९८

चि. आ-ख्वान यास आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद.

मुद्दा आधी लिहिते: खोली आहे! बाईंना दाखवणार आहे हे वाक्य.

फोटो सव्वीस तारखेला आला. मी आणि लो वहिनी दोघी कचेरीत गेलो. हो, दोघी. तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मी तिच्या दारात गेले, एक वाडगाभर, गरम पाकातल्या तांदळाच्या पिठाच्या गोळ्या घेऊन. तिने दार उघडलं. मी वाडगा पुढे केला. एक गोळी तोंडात टाकून म्हणाली, "गोड कमी आहे." मग मी आत गेले आणि साखर मागितली. झालं, भांडण संपलं.

येन साहेबाने भिंग लावून तुझा फोटो पाहिला. मागचं अक्षर पाहिलं. म्हणाला, "हा कोपऱ्यात काय आहे?" मी म्हटलं, "माझा नवरा आहे. तेवढाच आला." त्याने भिंग खाली ठेवलं आणि कागदावर शिक्का मारला. लो वहिनी त्याला म्हणाली, "साहेब, हिने पुन्हा ताटली वाजवली तर येऊ नका."

को मिस्त्रीने छत उतरवलं. तीस डिसेंबरला. मी खाली स्वयंपाकघरात बसून राहिले, बघितलं नाही. एकेक पत्रा सुटताना आवाज यायचा. मला वाटत होतं तू जिना उतरतो आहेस. आवाज थांबला तेव्हा मी वर गेले. खोली पुन्हा पहिल्यासारखी, ठेंगणी. पण काय सांगू, आत गेले आणि आ-कोंग भेटल्यासारखं झालं. आता समजलं तो दोन वेळा का हसला. तो हो म्हणत नव्हता रे, तो हसतच होता.

साहेब येऊन पुन्हा फोटो काढून गेला. या वेळी चादर नव्हती. मी दारात उभी राहिले, मापासाठी.

परीक्षेचं तू तेव्हाच सांगायचंस. मी अडुसष्टाव्या वर्षी पहिलीत आहे, मला नापासाचं काय भय? आणि भांडी घासतोस त्याचीही लाज कशाला? ज्याला भांडी नीट घासता येतात त्याच्या हातचं जेवण चांगलं होतं. पण त्या माळ्यावर झोपू नकोस. मालकाला म्हणावं, माझ्या आजीची नोटीस येईल.

वर्गात "माझा नातू" निबंध मी खरंच लिहिला. पहिलं वाक्य: माझा नातू उंच आहे. बाई म्हणाल्या, पुढे? मी म्हटलं, पुढचं तो आला की.

एप्रिलला अजून तीन महिने आहेत. मी रोज दुपारी वर जाते. बाकी काही नाही, तुळईला हात लावून येते. आता माझा हात पोचतो. उंच होती तेव्हा पोचत नव्हता.

एक काम मात्र केलं. तुझी लहानपणीची कापसाची दुलई होती ना, निळ्या माशांची, तिची पट्टी कापून तुळईला गुंडाळली आहे, बरोबर दारासमोर, जिथे तुझं कपाळ येतं तिथे. दोऱ्याने शिवली आहे घट्ट. नंतर मला भीती वाटली, म्हणून मी कचेरीत जाऊन येन साहेबाला विचारून आले की याला परवानगी लागते का. तो हसला. म्हणाला, "नाही आ-मा. दुलई चालते."

तुझी आ-मा